ज्येष्ठ नागरिकांचा औषधखर्च आणि शासकीय संरक्षणाचे बदलते स्वरूप : अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्याच्या संदर्भात

गोषवारा :

गेल्या दशकभरात ज्येष्ठ नागरिकांच्या आरोग्यखर्चाशी संबंधित अनेक शासकीय निर्णय झाले. आयुष्मान भारत योजना, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा विस्तार, ७० वर्षांवरील सर्वांसाठी वय वंदना कार्ड, औषधांच्या किंमतींवरील नियंत्रण आणि वस्तू व सेवा करातील कपात हे त्यांतील प्रमुख होत. या निर्णयांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या ज्येष्ठांना मोठा आधार मिळाला. मात्र दरमहा चिठ्ठीवर विकत घ्याव्या लागणाऱ्या औषधांचा खर्च यांपैकी बहुतांश योजनांच्या कक्षेबाहेर राहिला. हा भेद नेमका कोठे निर्माण होतो, औषधखर्चात प्रत्यक्ष बदल कोणत्या मार्गांनी घडतो आणि अहिल्यानगरसारख्या ग्रामीण, साखर कारखानदारीच्या जिल्ह्यात त्याचा अर्थ काय होतो, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : ज्येष्ठ नागरिक, औषधखर्च, आरोग्यविमा, किंमत नियंत्रण, जनौषधी, प्राथमिक आरोग्य केंद्र.

१. प्रस्तावना :

वार्धक्यातील आजारपणाचे स्वरूप तरुणपणातील आजारपणाहून वेगळे असते. ताप, जुलाब, अपघात यांसारख्या आजारांत खर्च एकदा होतो व संपतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, संधिवात हे आजार मात्र एकदा जडले की आयुष्यभर सोबत करतात. त्यांच्यावरील उपचाराचा मुख्य भाग म्हणजे रोज घ्यावयाच्या गोळ्या. या गोळ्यांचा खर्च एका वेळी फार मोठा नसतो, परंतु तो दरमहा येतो आणि उत्पन्न थांबलेल्या वयात येतो. त्यामुळे ज्येष्ठांच्या बाबतीत आरोग्यखर्चाचा प्रश्न हा मोठ्या प्रमाणात औषधखर्चाचा प्रश्न ठरतो.

राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७१ व्या फेरीत (जानेवारी ते जून २०१४) ही बाब स्पष्ट झाली. रुग्णालयात दाखल न होता घेतलेल्या उपचारांवरील वैद्यकीय खर्चापैकी ग्रामीण भागात सुमारे ७२ टक्के आणि शहरी भागात सुमारे ६८ टक्के खर्च औषधांवर झाल्याचे त्या पाहणीत आढळले. डॉक्टरांची फी आणि तपासण्या यांचा एकत्रित वाटा त्या मानाने कमी होता. दुसरीकडे, देशातील ज्येष्ठांपैकी केवळ सुमारे १८ टक्के लोकांना आरोग्यविम्याचे संरक्षण असल्याचे निती आयोगाच्या २०२४ मधील टिपणात नमूद केले आहे.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने राज्यातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. १७,०४८ चौरस किलोमीटर क्षेत्र, १४ तालुके आणि २०११ च्या जनगणनेनुसार ४५,४३,१५९ लोकसंख्या असा त्याचा विस्तार आहे. यांतील सुमारे ८० टक्के लोक ग्रामीण भागात राहतात. त्याच जनगणनेनुसार महाराष्ट्रातील ६० वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते. हे प्रमाण जिल्ह्यास लावले तर २०११ मध्येच येथील ज्येष्ठांची संख्या साडेचार लाखांच्या आसपास असावी, असा स्थूल अंदाज करता येतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचे नामांतर ‘अहिल्यानगर’ असे झाले. त्यापूर्वीच्या घटनांचा निर्देश करताना या लेखात ‘अहमदनगर’ हे तत्कालीन नाव वापरले आहे.

२. विमासंरक्षणाचा विस्तार : १.५ लाखांपासून ५ लाखांपर्यंत

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. अहमदनगर जिल्हा त्या पहिल्या टप्प्यात नव्हता. २१ नोव्हेंबर २०१३ पासून योजना राज्यभर लागू झाली, तेव्हा येथील पात्र कुटुंबांना तिचा लाभ मिळू लागला. प्रतिवर्षी प्रतिकुटुंब १.५ लाख रुपयांपर्यंत ९७१ उपचारांचे आणि १२१ पाठपुरावा सेवांचे संरक्षण तीत होते. २०१७ मध्ये या योजनेस महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव देण्यात आले.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्र शासनाची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. तिची मर्यादा प्रतिकुटुंब ५ लाख रुपये आहे. १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्रितपणे राबविण्यात येऊ लागल्या. राज्याच्या योजनेची मर्यादाही ५ लाख रुपये करण्याचा आणि राज्यातील सर्व कुटुंबांना तीत सामावून घेण्याचा निर्णय जून २०२३ मध्ये झाला. १ जुलै २०२४ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि उपचारांची संख्या १,३५६ झाली.

ज्येष्ठांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा निर्णय ११ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्यानुसार ७० वर्षे व त्यावरील प्रत्येक नागरिकाला, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारतचे संरक्षण देण्यात आले. २९ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डाचे वितरण सुरू झाले. सुमारे ४.५ कोटी कुटुंबांतील ६ कोटी ज्येष्ठांना त्याचा लाभ अपेक्षित होता. कुटुंब आधीच योजनेत असेल, तर त्यातील ७० वर्षांवरील व्यक्तींसाठी स्वतंत्र ५ लाख रुपयांची वाढीव मर्यादा मिळते. खाजगी विमा असलेले ज्येष्ठही पात्र आहेत. केंद्रीय शासकीय आरोग्य योजना (सीजीएचएस) किंवा माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजना (ईसीएचएस) यांच्या लाभार्थ्यांना मात्र दोहोंपैकी एक निवडावी लागते.

३. संरक्षणाची मर्यादा : खाट आणि चिठ्ठी

वरील विस्तार निश्चितच स्वागतार्ह आहे. परंतु या सर्व योजनांची रचना एका समान तत्त्वावर आधारलेली आहे. रुग्ण रुग्णालयात दाखल झाला की संरक्षण सुरू होते आणि घरी परतल्यानंतर थोड्याच दिवसांत ते संपते. आयुष्मान भारत योजनेत दाखल होण्यापूर्वीचे ३ दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे १५ दिवस एवढ्याच कालावधीतील औषधांचा अंतर्भाव आहे. काही शस्त्रक्रियांनंतरच्या पाठपुरावा सेवा वगळल्यास राज्याच्या योजनेची रचनाही रुग्णालयातील उपचारांभोवतीच उभी आहे. खाजगी विमा कंपन्यांच्या बहुतेक पॉलिसींमध्येही, बाह्यरुग्ण उपचारांचे वेगळे कलम नसल्यास, हाच नियम आढळतो.

यातील विसंगती एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट करता येईल. पाथर्डी तालुक्यातील एका ७२ वर्षांच्या शेतकऱ्यास रक्तदाब व मधुमेह आहे आणि त्याचा औषधखर्च दरमहा १,२०० रुपये आहे, असे मानू. वर्षाला हा खर्च १४,४०० रुपये होतो. वय वंदना कार्डातून यांतील एकही रुपया मिळत नाही. पैशांअभावी त्याने गोळ्या दिवसाआड घेण्यास किंवा पूर्णपणे थांबविण्यास सुरुवात केली आणि पुढे त्यास पक्षाघात झाला, तर मात्र त्याच कार्डावर त्याला रुग्णालयात लाखो रुपयांपर्यंतचे उपचार मिळू शकतात. घरी आल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा तीच चिठ्ठी, आता आणखी दोन औषधांची भर पडलेली, त्याच्या हाती असते. म्हणजेच आजार टाळणाऱ्या गोळीचा खर्च रुग्णावर आणि गोळी चुकल्याने उद्भवणाऱ्या आजाराचा खर्च शासनावर, अशी ही विभागणी आहे. मानवी दृष्टीने ती क्लेशदायक आहेच, शासकीय तिजोरीच्या दृष्टीनेही ती तोट्याची आहे.

राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील नागरिकांच्या खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मधील ६४.२ टक्क्यांवरून २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. ही प्रगती लक्षणीय आहे. तथापि हे सरासरी प्रमाण आहे. रुग्णालयात दाखल न होता केवळ गोळ्यांवर असलेल्या ज्येष्ठाचा अनुभव त्यात वेगळा दिसत नाही.

४. एकाच जिल्ह्यातील चार ज्येष्ठ

औषधखर्चाचे संरक्षण ज्येष्ठाच्या वयावर किंवा आजारावर अवलंबून नसून त्याने आयुष्यात कोठे नोकरी केली यावर अवलंबून असते. जिल्ह्यातील चार प्रातिनिधिक गटांच्या तुलनेतून हे लक्षात येते.

पहिला गट माजी सैनिकांचा. अहिल्यानगर हे आर्मर्ड कोअरच्या प्रशिक्षण केंद्राचे शहर असून जिल्ह्यातील अनेक गावांना सैनिकी परंपरा आहे. १ एप्रिल २००३ पासून सुरू झालेल्या ईसीएचएस योजनेत पॉलिक्लिनिकमधून नियमित औषधेही मिळतात. रोजच्या गोळीला संरक्षण देणारी ही मोजक्या व्यवस्थांपैकी एक होय.

दुसरा गट केंद्र शासनाच्या निवृत्तिवेतनधारकांचा. सीजीएचएसच्या क्षेत्राबाहेर राहणाऱ्या आणि बाह्यरुग्ण सेवेचा लाभ न घेणाऱ्या निवृत्तांना ठराविक वैद्यकीय भत्ता दिला जातो. १९९७ मध्ये तो दरमहा १०० रुपये होता. २००८ मध्ये ३००, २०१४ मध्ये ५०० आणि १ जुलै २०१७ पासून १,००० रुपये असा तो वाढत गेला. ही रक्कम आजाराच्या प्रमाणात बदलत नाही. निरोगी निवृत्तास ती पुरून उरते, तर इन्सुलिन घेणाऱ्यास अपुरी पडते.

तिसरा गट साखर कारखान्यांतील निवृत्त कामगारांचा. प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्यापासून सुरू झालेल्या सहकारी साखर उद्योगाने या जिल्ह्याची अर्थव्यवस्था घडविली. परंतु १९४८ च्या राज्य कामगार विमा कायद्यातून हंगामी कारखाने वगळलेले होते आणि हंगामी कारखान्याच्या व्याख्येत साखर उत्पादनाचा स्पष्ट उल्लेख होता. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हंगामी कारखाने वगळण्याचे तत्त्व कायम राहिले. औद्योगिक वसाहतीतील विमाधारक कामगार विहित सेवेनंतर निवृत्त झाल्यास वर्षाला १२० रुपये इतक्या नाममात्र वर्गणीवर पती-पत्नींसाठी वैद्यकीय सेवा चालू ठेवण्याची तरतूद राज्य कामगार विम्याच्या नियमांत करण्यात आली होती. साखर कामगाराला ती वाट मुळातच उपलब्ध नव्हती. कर्मचारी निवृत्तिवेतन योजना १९९५ खाली त्यास मिळणाऱ्या निवृत्तिवेतनाची किमान रक्कम १ सप्टेंबर २०१४ पासून दरमहा १,००० रुपये निश्चित झाली. तीसोबत औषधांचे कोणतेही संरक्षण नाही.

चौथा गट भूमिहीन मजूर, अल्पभूधारक आणि ऊसतोडणी कामगारांच्या कुटुंबांतील वृद्धांचा. श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेची रक्कम २०१९ मध्ये दरमहा ६०० रुपयांवरून १,००० आणि २०२३ मध्ये १,५०० रुपये झाली. वर मानलेला १,२०० रुपयांचा औषधखर्च या रकमेचा पाचपैकी चार हिस्सा व्यापतो. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीसाठी कुटुंबे बाहेर पडतात आणि वृद्ध मागे गावात राहतात. हंगामाचे पाच-सहा महिने तालुक्याच्या गावी जाऊन औषधे आणून देणारे माणूसच घरात नसते. त्यामुळे या गटात किंमतीइतकाच औषध गावात मिळण्याचा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो.

५. औषधांच्या किंमती कशा ठरतात?

विम्याबाहेर राहिलेला औषधखर्च मुख्यतः चार घटकांनी कमी-अधिक होतो : किंमत नियंत्रण, पेटंट, कर आणि चिठ्ठीवरील नाव.

५.१ किंमत नियंत्रण : १९७९ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाखाली ३४७ मूळ औषधे होती. १९८७ मध्ये ती १४२ आणि १९९५ मध्ये ७४ झाली. १५ मे २०१३ च्या आदेशाने पद्धतच बदलली. अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीतील सर्व औषधे नियंत्रणाखाली आली, ही जमेची बाजू होय. मात्र कमाल किंमत उत्पादनखर्चाऐवजी बाजारभावावरून ठरू लागली. बाजारात किमान १ टक्का हिस्सा असलेल्या सर्व उत्पादनांच्या किंमतींची साधी सरासरी काढून तीत किरकोळ विक्रेत्याचा १६ टक्के नफा मिळविला जातो. साहजिकच, महाग नाममुद्रांचा ज्या औषधात वरचष्मा आहे, त्या औषधाची कमाल किंमतही चढीच राहते.

यादीतील औषधांच्या कमाल किंमती दरवर्षी एप्रिलमध्ये घाऊक किंमत निर्देशांकानुसार बदलतात. २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढीस मुभा मिळाली. दोन वर्षांची एकत्रित मर्यादा सुमारे २४ टक्के होते. २०२४ मध्ये ही वाढ जवळजवळ शून्य होती आणि २०२५ मध्ये १.७४ टक्के. यादीबाहेरील औषधांना वर्षाला कमाल १० टक्के वाढीची परवानगी आहे. म्हणजे २०२२ व २०२३ या दोन वर्षांत नियंत्रित औषधांना अनियंत्रित औषधांपेक्षा अधिक दरवाढीची मुभा मिळाली. निवृत्तिवेतन स्थिर असलेल्या ज्येष्ठांना त्याची झळ पोहोचणे अपरिहार्य होते.

सप्टेंबर २०२२ मध्ये सुधारित राष्ट्रीय यादी जाहीर झाली. तीत ३८४ औषधे असून इन्सुलिन ग्लार्जिन व टेनेलिग्लिप्टिन ही मधुमेहावरील औषधे नव्याने समाविष्ट झाली. येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते. कमाल किंमत यादीतील विशिष्ट मात्रेला आणि स्वरूपाला लागू होते. दोन-तीन औषधे एकत्र असलेली संयुक्त गोळी यादीत नसेल, तर तिला ती मर्यादा आपोआप लागू होत नाही. अशा काही नव्या गोळ्यांची किरकोळ किंमत राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरण स्वतंत्रपणे ठरविते, परंतु ती अर्ज करणाऱ्या उत्पादकापुरतीच असते. ज्येष्ठांच्या चिठ्ठ्यांमध्ये संयुक्त गोळ्यांचे प्रमाण मोठे असल्याने हा भेद दुर्लक्षणीय नाही.

५.२ पेटंट : १ जानेवारी २००५ पासून भारतात औषधांना पुन्हा उत्पादन-पेटंट लागू झाले. त्यामुळे नवी औषधे पेटंट संपेपर्यंत महाग राहतात. मधुमेहावरील सिटाग्लिप्टिनचे पेटंट २०२२ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये संपले. दोन्ही वेळा अनेक भारतीय कंपन्यांची उत्पादने बाजारात येऊन किंमती मोठ्या प्रमाणात उतरल्या. परंतु हा लाभ आपोआप मिळत नाही. चिठ्ठीवर जुन्या महाग नाममुद्रेचे नाव कायम राहिले, तर रुग्ण जुनीच किंमत मोजत राहतो.

५.३ कर : १ जुलै २०१७ पासून बहुतेक औषधांवर १२ टक्के वस्तू व सेवा कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्के झाला आणि काही निवडक जीवरक्षक औषधांवरील कर पूर्ण रद्द झाला. छापील किंमतीत कर समाविष्ट असल्याने ११२ रुपयांचे औषध १०५ रुपयांना मिळावे, म्हणजे घट सुमारे ६.२५ टक्के व्हावी. मासिक १,२०० रुपये खर्च करणाऱ्याची त्यातून सुमारे ७५ रुपयांची बचत होते. त्याच दिवसापासून वैयक्तिक आरोग्यविम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के करही रद्द झाला.

५.४ चिठ्ठीवरील नाव : औषध व सौंदर्यप्रसाधने नियम १९४५ मधील नियम ६५ (११अ) नुसार, चिठ्ठीवर लिहिलेल्या परिशिष्ट ‘एच’ मधील औषधाऐवजी तोच घटक असलेले दुसरे उत्पादन औषधविक्रेता देऊ शकत नाही. त्यामुळे डॉक्टरांनी लिहिलेली नाममुद्रा रुग्णावर बंधनकारक ठरते. औषधे मूळ नावाने लिहावीत, असे वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांत नमूद आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगाने याविषयी अधिक कडक नियम प्रसिद्ध केले, परंतु त्याच महिन्यात त्यांना स्थगिती देण्यात आली. गुणवत्तेची पुरेशी हमी असल्याशिवाय मूळ नावाची सक्ती करू नये, हा डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप होता. तो सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. औषधांच्या दर्जाची नियमित तपासणी हा स्वस्त औषधाच्या धोरणाचा अविभाज्य भाग असला पाहिजे.

६. स्वस्त आणि मोफत औषधांचे मार्ग

२००८ मध्ये सुरू झालेली आणि २०१६ पासून प्रधानमंत्री भारतीय जनौषधी परियोजना या नावाने ओळखली जाणारी योजना नामांकित उत्पादनांपेक्षा ५० ते ९० टक्के कमी किंमतीत औषधे पुरविते. जानेवारी २०२५ अखेर देशात १५,००० केंद्रांचा टप्पा गाठला गेला. औषधखर्च प्रत्यक्ष कमी करणारा हा सर्वांत सरळ मार्ग होय. वर मानलेला १,२०० रुपयांचा खर्च त्यातून निम्म्यावर आला, तरी वर्षाला ७,२०० रुपये वाचतात. कर कपातीतून होणारी वार्षिक ९०० रुपयांची बचत त्यापुढे अल्प वाटते. परंतु जनौषधी केंद्र हे दुकान आहे. कोणत्याही दुकानाप्रमाणे ते ग्राहकांची गर्दी असेल तेथे, म्हणजे शहरात व मोठ्या बाजारपेठेत, उघडते. अकोल्याच्या डोंगराळ आदिवासी पाड्यावरील वृद्धाला एस. टी.चे भाडे आणि बुडालेला दिवस मोजूनच तेथवर पोहोचावे लागते.

दुसरा मार्ग शासकीय आरोग्य केंद्रांचा. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपासून जिल्हा रुग्णालयांपर्यंत तपासण्या व औषधांसह उपचार निःशुल्क झाले. १७ मे २०२३ रोजी केंद्र शासनाने २०२५ अखेर ७.५ कोटी रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना प्रमाणित उपचारांखाली आणण्याचे उद्दिष्ट जाहीर केले. सिद्धांततः ज्येष्ठाच्या चिठ्ठीवरील बहुतांश औषधे गावाजवळच्या केंद्रात विनामूल्य मिळावयास हवीत. व्यवहारात तीन बाबी निर्णायक ठरतात : औषधाचा साठा अखंड असतो का, एका वेळी आठवड्याच्या गोळ्या मिळतात की महिन्याच्या, आणि खाजगी डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाचा समकक्ष पर्याय केंद्रात समजावून दिला जातो का. एकदा रिकाम्या हाताने परतलेला वृद्ध पुन्हा त्या केंद्राकडे सहसा वळत नाही.

आयकराच्या सवलतीचाही येथे उल्लेख करावयास हवा. वित्त अधिनियम २०१८ ने १९६१ च्या आयकर कायद्यातील कलम ८०-ड खालील ज्येष्ठांची वजावट ५०,००० रुपये केली. विमा नसलेल्या ज्येष्ठांच्या वैद्यकीय खर्चास, औषधांसह, ती लागू झाली. खर्च रोखीने न करणे ही तीतील अट होती आणि नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही. करपात्र उत्पन्न नसलेल्या बहुसंख्य ग्रामीण ज्येष्ठांना अशा सवलतीचा काहीच उपयोग होत नाही, हे उघड आहे.

७. अन्यत्र काय घडले?

अमेरिकेत २००३ च्या कायद्याने ज्येष्ठांच्या मेडिकेअर योजनेत बाह्यरुग्ण औषधांसाठी स्वतंत्र भाग जोडण्यात आला. तो १ जानेवारी २००६ पासून अंमलात आला. त्या वेळी औषधखर्च एका मर्यादेपलीकडे गेल्यावर काही टप्प्यात संपूर्ण भार रुग्णावर पडत असे. २०२२ च्या कायद्यानंतर इन्सुलिनचा रुग्णावरील भार दरमहा ३५ डॉलरपुरता सीमित झाला आणि २०२५ साठी ज्येष्ठाने स्वतः करावयाच्या औषधखर्चाची वार्षिक कमाल मर्यादा २,००० डॉलर ठरली. तेथील व्यवस्था खर्चिक व गुंतागुंतीची आहे. तरीही रोजच्या गोळीला विम्याचा विषय मानणे, हे तिच्यातील मूलभूत तत्त्व लक्षणीय आहे. इंग्लंडमध्ये ६० वर्षांवरील व्यक्तींना चिठ्ठीवरील औषधांचे शुल्क द्यावे लागत नाही.

भारतातील अनुभव अधिक उपयुक्त आहेत. तामिळनाडूने १९९४ मध्ये औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन केले. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून शासकीय रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू केली. तामिळनाडूने ऑगस्ट २०२१ पासून रक्तदाब व मधुमेहाच्या रुग्णांना औषधे घरपोच देण्यास प्रारंभ केला. विमा न वाढविताही, खरेदी व वितरणाची व्यवस्था सुधारून औषधखर्च कमी करता येतो, असा या प्रयोगांचा अर्थ आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याला त्यासाठी फार दूर पाहण्याची आवश्यकता नाही. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेड येथे समग्र ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, बहुधा अल्पशिक्षित, स्त्रियांना प्रशिक्षण देऊन आरोग्यसेवेचा पाया गावात घातला. १९७९ मध्ये या दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला. त्या काळी प्रश्न बालमृत्यू, बाळंतपण, कुष्ठरोग यांचा होता. आज त्याच गावांत रक्तदाबाची गोळी दरमहा वृद्धाच्या हाती पडण्याचा प्रश्न आहे. आजार बदलले, परंतु सेवा रुग्णाच्या दारापर्यंत नेणारी गावातील विश्वासू व्यक्ती ही गरज बदललेली नाही.

८. निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) २०१२ ते २०२५ या काळात ज्येष्ठांच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण मोठ्या प्रमाणात वाढले. मात्र रोजच्या औषधांना या संरक्षणात स्थान मिळालेले नाही. वय वंदना कार्डाविषयी माहिती देताना ही मर्यादाही सांगितली पाहिजे, अन्यथा ज्येष्ठांचा अपेक्षाभंग होतो.

(२) औषधांचे प्रत्यक्ष संरक्षण पूर्वीच्या नोकरीशी जोडलेले आहे. शेतकरी, शेतमजूर आणि साखर कामगार हे या जिल्ह्यातील सर्वांत मोठे श्रमिक गट त्यापासून वंचित राहिले आहेत.

(३) कर कपातीमुळे व पेटंट संपल्यामुळे होणारी घट उपयुक्त आहे. परंतु औषधाची निवड बदलल्याने, म्हणजे समकक्ष स्वस्त औषध घेतल्याने, होणारी बचत कर कपातीच्या कितीतरी पट अधिक आहे.

(४) प्राथमिक आरोग्य केंद्रातून रक्तदाब व मधुमेहाच्या मोजक्या औषधांचा अखंड पुरवठा, एका वेळी किमान एका महिन्याच्या गोळ्या आणि ऊसतोडणीच्या हंगामात एकट्या राहणाऱ्या वृद्धांसाठी आशा कार्यकर्तीमार्फत घरपोच वितरण, या तीन उपायांनी नवी विमा योजना न आणताही या प्रश्नाचा मोठा भाग सुटू शकतो.

महाविद्यालयांनाही या कार्यात वाव आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष शिबिरांत विद्यार्थी गावातील ज्येष्ठांच्या औषधांच्या चिठ्ठ्यांची नोंद घेऊ शकतात : कोणती औषधे, दरमहा किती खर्च, त्यांपैकी कोणती जवळच्या आरोग्य केंद्रात मिळतात, किती महिने ती खंडित झाली. औषध बदलण्याचा सल्ला देणे हे विद्यार्थ्यांचे काम नव्हे, तो अधिकार डॉक्टरांचाच आहे. परंतु अशी नोंद ग्रामसभेपुढे व वैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे ठेवता येईल. अर्थशास्त्र, समाजशास्त्र आणि वाणिज्य या शाखांना त्यातून संशोधनाचा विषय मिळेल. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, गोळ्या दिवसाआड घेणारे वृद्ध गावात किती आहेत, हे गावालाच प्रथम कळेल. उपाययोजनेची सुरुवात तेथूनच होऊ शकते.